साधा फोन आणि पिकाची नोंद

कर्जत आणि खालापूर हे भाताचे तालुके. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेले ‘कर्जत-3’ हे भाताचे वाण आपल्या ओळखीचे आहे. भात पिकवणे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याची नोंद झाली का, हे आपण पाहतो का?

आपल्यापैकी पुष्कळांजवळ बटणांचा साधा फोन असतो. हा फोन वाईट नाही. तो स्वस्त असतो. एकदा चार्ज केला की दोन-तीन दिवस चालतो. पावसात वीज गेली तरी बोलता येते. संकटात 112 नंबर लावता येतो. साध्या फोनवरून पैसे पाठवण्याची नवी सोयही रिझर्व्ह बँकेने 2022 साली सुरू केली.

मग उणे काय? साध्या फोनवर ‘ई-पीक पाहणी’चे ॲप चालत नाही.

सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि 12. सातमध्ये जमीन कोणाची ते असते. बारामध्ये पीक कोणते ते असते. पूर्वी पीक तलाठी लिहीत. 15 ऑगस्ट 2021 पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची आहे. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. आपण कोणत्या शेतात उभे आहोत, हे मोठा फोन ओळखतो. साध्या फोनला ते जमत नाही.

नोंद राहिली तर काय होते? सरकारी केंद्रावर हमीभावाने भात घालायला जावे, तर सातबाऱ्यावर भातच दिसत नाही! पुराने पीक गेले तर भरपाई मागतानाही अडते. घाम गाळला तो कागदावर आलाच नाही.

यासाठी नवा फोन घ्यायलाच हवा असे नाही. एकाच मोठ्या फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होते. मुलाला, पुतणीला किंवा शेजाऱ्याला बांधावर न्या. पीक उभे असतानाच न्या. कापणी झाल्यावर फोटो कसला काढणार? मुदत कधी संपते ते तलाठ्यांना विचारा. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नोंद राहून गेली असेल तरी त्यांनाच भेटा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवू. या कामाला बँकेचा पिन लागत नाही. कोणी मागितला तर देऊ नये. आणि नोंद पाठवण्याआधी गट नंबर, पीक व क्षेत्र स्वतः वाचावे. फोन दुसऱ्याचा असला तरी शेत आपले आहे. आणि आता आपल्याला वाचता येते.