भंगारातून भरारी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. वडील सोलापुरात ऑइल इंजिने दुरुस्त करतात. "तीन बंद इंजिनं आणा, त्यातनं एक चालू करून देतो," असे ते गिऱ्हाइकाला सांगतात. लहानपणी मला ही बढाई वाटे. परंतु इतिहासाचे अवांतर वाचन करताना आढळले, की आपल्या हवाई दलाचे पहिले अवजड बॉम्बफेकी पथक याच रीतीने उभे राहिले!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ब्रिटनला ‘लेंड-लीज’ करारान्वये लिबरेटर विमाने दिली होती. चार इंजिने, आणि पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत ११० फूट! युद्ध संपल्यावर ती परत तरी करायची, नाहीतर निकामी करायची, अशी अट होती. त्यामुळे ब्रिटिशांनी कानपूरच्या तळावर अनेक लिबरेटर मोडतोड करून टाकून दिली.

ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरचे युद्ध पेटले. आपल्याजवळ अवजड बॉम्बफेकी विमान नव्हते. मालवाहू डाकोटांतून बॉम्ब टाकण्याची पाळी आली. तेव्हा कानपूरच्या भंगाराकडे लक्ष गेले आणि ते काम बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीकडे आले. १९४० साली ही कंपनी काढणारे वालचंद हिराचंद मूळचे आमच्या सोलापूरचे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. युद्धकाळात याच कारखान्यात अमेरिकी सैन्याची विमाने दुरुस्त होत. म्हणजे कामगारांचा हात आधीच बसलेला होता.

कानपूरला मोडक्या विमानांचे धड भाग एकत्र जोडून प्रत्येक विमान उडण्यापुरते तयार केले जाई. मग कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी ते सुमारे दीड हजार किलोमीटरवरच्या बंगळूरला उडवीत नेत. अशा जोडाजोडीच्या विमानात बसणे म्हणजे काय धाडस असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी! खरी संपूर्ण दुरुस्ती बंगळूरला होई. नोव्हेंबर १९४८ मध्ये या विमानांवर पाचवे स्क्वाड्रन उभे राहिले. पुढे अशी चाळीसहून अधिक विमाने सज्ज झाली आणि १९६८ पर्यंत सेवेत राहिली.

अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक लिबरेटर बनली. युद्धानंतर बहुतेक मोडीत निघाली. म्हणूनच ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला आणि अमेरिकेतील टूसॉनच्या पिमा संग्रहालयाला लिबरेटर मिळाले ते भारताकडून. ज्यांनी बनवले, त्यांना ते आपण जपून परत दिले!

ही हकीकत वडिलांना वाचून दाखवली. हातातला पाना खाली न ठेवता ते म्हणाले, "त्यात काय! सुटे भाग मिळाले असतील त्यांना."

पहिल्या वर्षाच्या प्रवेश-अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘नोकरी’ असे खोटेच लिहिले होते. मेकॅनिक लिहिण्याची लाज वाटली होती. तृतीय वर्षाच्या अर्जात खरे तेच लिहीन.

(द्वितीय वर्ष, कला)