ठावठिकाणा माहीत नाही म्हणे!

माझा घटस्फोट झाल्याचं मला मामेबहिणीकडून कळलं. वधूवर मंडळाच्या ग्रुपवर नवऱ्याचा बायोडेटा फिरत होता, त्यात लिहिलेलं, 'घटस्फोटित, अपत्य नाही'. मी सांगलीला माहेरी. कोर्टाचा एक कागद दारात आला असेल तर शपथ.

वकिलांनी ई-कोर्ट्सवर नाव टाकून केस शोधली. एकतर्फी हुकूमनामा होऊन गेलेला! रेकॉर्ड पाहिलं तेव्हा कारभार उघड झाला. माझा पत्ता म्हणून दिला होता आमचा जुना भाड्याचा फ्लॅट. तो सोडताना घरमालकाच्या हातात चावी यानेच ठेवली होती. बेलिफाचा शेरा, 'घर बंद, चौकशी करता येथे राहत नाही.' मग जाहीर नोटीस, तीही सांगलीत मिळत नाही अशा पेपरात. फाइलला कात्रण होतं, हरवलेलं शेअर सर्टिफिकेट आणि नावात बदल यांच्या मधोमध मी. सोबत शपथपत्र, 'जाबदेणार हिचा ठावठिकाणा अर्जदारास माहीत नाही.' माहीत नाही? त्याआधी काही महिने याच्याच वकिलाची 'नांदायला या' अशी नोटीस रजिस्टर पोस्टाने सांगलीला आली होती! ते पाकीट मी जपून ठेवलं होतं. पुढे कोर्टात तेच कामी आलं आणि हुकूमनामा रद्द झाला.

नातेवाईक म्हणाले, 'तुला तरी कुठे नांदायचं होतं?' नव्हतंच. पण माझ्याबद्दल काय काय लिहून दिलंय ते मी खोडायचं नाही, असं कुठे ठरलं होतं?

कुणावर अशी वेळ आली तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 13 खाली त्याच कोर्टात अर्ज करा. मुदत 30 दिवसांची. समन्स नीट बजावलंच नसेल तर ते दिवस हुकूमनामा कळल्यापासून धरतात, आणि मुदतीच्या या हिशेबात पेपरातली नोटीस ही रीतसर बजावणी मानत नाहीत. म्हणून कळलं कधी, याचा पुरावा ठेवा. माझ्याकडे तारखेसह तो मेसेज होता. शंका असेल तर विलंबमाफीचा अर्जही जोडा. पोटगीचा एकतर्फी आदेश असेल तर वाट वेगळी: नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 145, आदेशाच्या तारखेपासून 3 महिने.

स्थगिती लगेच मागा. अपिलाची मुदत टळली की समोरचा दुसरं लग्न करायला मोकळा होतो, आणि मग गुंता वाढतो. बजावणीत नुसती त्रुटी दाखवून भागत नाही. तारीख तुम्हाला ठाऊक होती आणि हजर राहायला वेळही होता असं दिसलं, तर त्या त्रुटीवर हुकूमनामा रद्द होत नाही. अपील फेटाळलं गेलं तर हा अर्जही चालत नाही, तेव्हा आधी काय करायचं ते वकिलांशी बोलून ठरवा. कागद सांभाळा, धीर सोडू नका, वगैरे सगळे सांगतातच.

आणि एक. नक्कल मागितल्याचा सुगावा लागताच नवऱ्याचे फोन सुरू झाले, 'कोर्टकचेरी कशाला, बसून मिटवू.' ज्याला माझा पत्ता सापडत नव्हता, त्याला नंबर बरोबर सापडला! अशा गोड बोलण्यात 30 दिवस सहज सरतात. अर्ज आधी दाखल करा, मग हवं तर बैठकीला बसा.