पुस्तके कुलपात की हाताशी?

प्रश्न : मुलीला घरीच शिकवतो. तिची पुस्तके बंद कपाटात ठेवावीत का? – एक पालक, चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : नको. ‘पुस्तके वापरण्यासाठी असतात’ हा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम रंगनाथन यांनी १९३१ साली मांडला. घरीच शाळा असेल, तर तो अधिकच लागू. मुलीचा हात पोचेल अशा फळीवर वीसेक पुस्तके मुखपृष्ठ दिसेल अशी मांडा, बाकीची पेटीत ठेवून महिन्याला बदला. ‘किशोर’चे अंक वर्षवार लावा. पुस्तके फाटतील, ही भीती खरी. पण फाटलेले पान पातळ कागद आणि खळीने जोडता येते (सेलोटेप नको, ती पिवळी पडते). उलट, महिनोन्‌महिने न हाललेल्या गठ्ठ्याला कसर लागली तरी कळत नाही. वाळवीची धास्ती असेल, तर पावसाळ्याआधी फळी भिंतीपासून चार बोटे सरकवा. शिस्त बिघडेल म्हणाल, तर पुस्तक जागेवर ठेवणे हाही अभ्यासच.