मुलांना दक्षिण आफ्रिकेत शिकायला पाठवताना

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या पट्ट्यातील आपल्या दुकानदार व कारागीर बांधवांची मुले-मुली आता पदविका व पदवीपर्यंत पोहोचली आहेत. त्यांतील काहींच्या मनात परदेशी शिक्षणाचा विचार येतो. परदेश म्हटले की इंग्लंड-अमेरिका डोळ्यांपुढे येते. खर्चाचा आकडा ऐकला की विषय तिथेच संपतो. दक्षिण आफ्रिकेचे नाव सहसा कोणी घेत नाही. तिथे इंग्रजीतून शिकवणारी, जगात नाव असलेली विद्यापीठे आहेत. मशिदी, हलाल अन्न आणि हिंदी वंशाचा जुना मुस्लिम समाजही आहे. पण घरातले सोने मोडून मुलाला विमानात बसवण्याआधी काय तपासावे, हे पालकांना ठाऊक हवे. आजचा लेख त्यासाठी आहे.

नाते जुने आहे

गांधीजी १८९३ मध्ये दरबानला गेले ते दादा अब्दुल्ला या मेमन व्यापाऱ्याच्या पेढीच्या कामासाठी. रत्नागिरी व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाऊनला जाऊ लागले. तिथे त्यांनी किराणा, फळे-भाजी असे छोटे धंदे उभे केले. १९०६ च्या केप वसाहतीच्या कायद्यानंतर गावी येणाऱ्या माणसाला फोटो व हाताचे ठसे असलेला परवाना घ्यावा लागे. मुदतीत परत पोहोचला नाही, तर तिथे राहण्याचा हक्क जाई. वर्णद्वेषी राजवटीच्या काळात भारताने १९४६ पासून त्या देशाशी व्यापार बंद ठेवला होता. राजनैतिक संबंध १९९३ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या जुन्या पिढीचा अनुभव आजही लागू आहे : कागद पक्का आणि मुदत सांभाळलेली, तरच परदेशात पाय टिकतो.

हंगाम आणि फी यांची सांगड

तिथले शैक्षणिक वर्ष साधारण फेब्रुवारीत सुरू होऊन नोव्हेंबरात संपते. बहुतेक विद्यापीठांचे अर्ज आदल्या वर्षी जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान बंद होतात. आपल्या बारावीचा निकाल त्याच्या थोडा आधी लागतो. म्हणून निकालाची वाट न पाहता माहिती आणि पासपोर्ट आधीच तयार ठेवावा.

लोणावळ्याचा धंदा पावसाळ्यावर चालतो. जून ते सप्टेंबर गिऱ्हाईक उसंत देत नाही, नंतर गल्ला उतरतो. फी मात्र जानेवारी-फेब्रुवारीत भरायची असते. म्हणून पावसाळ्याच्या कमाईतून फीचा भाग दर आठवड्याला वेगळ्या खात्यात टाकावा. माल भरण्याच्या पैशात तो मिसळू देऊ नये.

संस्था पारखून घ्या

केपटाऊन, विटवॉटर्सरँड (जोहान्सबर्ग), स्टेलेनबॉश, प्रिटोरिया, क्वाझुलू-नाताळ ही मोठी विद्यापीठे. विटवॉटर्सरँडचा उगम १८९६ मध्ये किंबर्ले येथे निघालेल्या खाणकामाच्या शाळेत आहे, त्यामुळे खाण अभियांत्रिकीत त्याचे नाव आहे. हाताच्या कौशल्याकडे ओढा असलेल्या मुलांनी दरबान तंत्रज्ञान विद्यापीठाची माहिती घ्यावी. केरळातून मजूर म्हणून गेलेल्या एम. एल. सुलतान यांच्या देणगीतून उभे राहिलेले तंत्रशिक्षण महाविद्यालय २००२ मध्ये या संस्थेत विलीन झाले. शेजारी बोत्सवाना व नामिबियातही सरकारी विद्यापीठे आहेत.

खासगी कॉलेज असेल तर ते तिथल्या उच्च शिक्षण खात्याकडे नोंदलेले आहे का, हे एजंटाला न विचारता स्वतः तपासावे. आपल्या बारावीवर पदवीला प्रवेश घेण्यासाठी तिथल्या विद्यापीठ संघटनेचे पात्रता प्रमाणपत्र लागते. पदव्युत्तर प्रवेशासाठी बहुधा ‘साका’ या संस्थेकडून आपल्या पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. दोन्हींना वेळ लागतो.

वैद्यकीय शिक्षणाबाबत विशेष सावध राहावे. परदेशी विद्यार्थ्यांना तिथे एम.बी.बी.एस.च्या जागा फारच थोड्या मिळतात. तिथली पदवी घेऊन भारतात डॉक्टरी करायची तर नीट आणि परतल्यावरची परीक्षा चुकत नाही. इतर पदव्यांची भारतातील समकक्षता यूजीसीच्या २०२५ च्या नियमांप्रमाणे ठरते. तीही आधी पाहावी.

एकच नाव, एकच स्पेलिंग

आपल्या समाजात सर्वाधिक अडचण नावाची होते. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’चे एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. कुठे पूर्ण ‘मोहम्मद’, कुठे नुसते ‘मो.’. कुठे आडनाव तांबोळी किंवा अत्तार, तर कुठे वडिलांचे नावच आडनावाच्या जागी. परदेशी कचेरीच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसे ठरतात. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट एका टेबलावर मांडून अक्षर न अक्षर जुळवावे. फरक असेल तर दुरुस्ती किंवा राजपत्रातील नावबदल अर्ज करण्याआधी उरकावा.

पैशाचा हिशेब

भारतीय विद्यार्थी तिथे ‘आंतरराष्ट्रीय’ गटात मोडतो. शेजारच्या आफ्रिकी देशांतील मुलांची सवलत त्याला मिळत नाही. काही विद्यापीठे वर्षाची पूर्ण फी नोंदणीपूर्वीच मागतात, वर परदेशी विद्यार्थ्यांचे वेगळे शुल्क लावतात. म्हणून फी, राहणे, जेवण, आरोग्य विमा आणि तिकीट यांची बेरीज रँडमध्ये करावी आणि रुपया घसरला तर काय, याची तजवीज ठेवावी.

व्हिसासाठी बँकेचे स्टेटमेंट पाहिले जाते. आपला बराच धंदा रोखीचा, आणि विवरणपत्रात उत्पन्न कमी दाखवण्याची सवय. मग अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रोकड भरली जाते. अधिकाऱ्याच्या नजरेत हे लगेच येते, आणि खात्या प्राप्तिकराचे प्रश्न वेगळे. दोन-तीन वर्षे आधीपासून खरे उत्पन्न दाखवून वेळेवर विवरणपत्र भरणे, हीच खरी तयारी.

व्याजाचे कर्ज नको असणाऱ्यांनी आधी घरातील बचत, नातेवाइकांचा कर्जे हसना आणि धंद्यातील भागीदारी हे मार्ग पाहावेत. उसने घेतलेले पैसे लिहून ठेवावेत आणि साक्षीदार ठेवावेत, ही सूरह बकराच्या २८२ व्या आयतीची शिकवण आहे. भावाभावांतही ती पाळावी. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक योजनांची चौकशी जरूर करावी, मात्र अटी व व्याजाचा भाग नीट वाचूनच निर्णय घ्यावा. केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ मध्ये बंद झाली. त्या नावाने कोणी फॉर्मचे पैसे मागत असेल, तर देऊ नयेत.

शिकताना आठवड्याला वीस तासांपर्यंत अर्धवेळ काम करण्याची मुभा आहे. पण त्या देशात बेकारी मोठी आहे. नोकरी करून फी भरेन, हे मुलाचे बोलणे हिशेबात धरू नये.

व्हिसा, तब्येत, प्रवास

व्हिसाला प्रवेशाचे पत्र, पैशाचा पुरावा, तिथल्या मान्यताप्राप्त योजनेचा आरोग्य विमा, डॉक्टरांचा दाखला आणि पोलीस पडताळणीचा दाखला (पीसीसी) लागतो. पीसीसीचा अर्ज पासपोर्ट कार्यालयाकडे करावा. पोलीस व वैद्यकीय दाखले सहा महिन्यांच्या आतले लागतात, म्हणून ते फार आधीही काढू नयेत. व्हिसाची मुदत संपून राहिल्यास एक ते पाच वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या किमान साठ दिवस आधी करावा.

इथिओपिया किंवा केनियामार्गे तिकीट काढले असेल, तर पीतज्वराची लस शासनमान्य केंद्रात घ्यावी. तिचा दाखला दहा दिवसांनंतर लागू होतो. दाखला नसल्यास भारतात परतताना विलगीकरणात अडकण्याची भीती असते.

तिथले राहणे

तिथे ऋतू उलटे आहेत. जून ते ऑगस्ट थंडी, त्यामुळे गरम कपडे न्यावेत. आपल्याकडे किबला पश्चिमेला, तिथे तो उत्तरेकडे, थोडा पूर्वेस झुकलेला. पहिल्या दिवशीच दिशा नक्की करून घ्यावी. विजेचा प्लग आपल्या गिझरच्या मोठ्या तीन गोल पिनांच्या प्लगसारखा असतो. लहान पिनेसाठी जोडणी इथूनच न्यावी.

हलालसाठी ‘सान्हा’ किंवा मुस्लिम ज्युडिशियल कौन्सिलचा शिक्का पाहावा. केपटाऊनच्या बो-काप भागातील अव्वल मशीद १७९४ ची आहे. जुम्याला मशिदीत जाणारा मुलगा तिथे एकटा पडत नाही.

चोरी-लूट ही तिथली खरी अडचण आहे. रात्री एकट्याने पायी फिरू नये, रस्त्यात मोबाइल बाहेर काढू नये आणि पहिले वर्ष शक्यतो विद्यापीठाच्या वसतिगृहात राहावे. मुलीला पाठवताना वसतिगृहाची लेखी हमी आधी मिळवावी. पासपोर्ट कुलपात ठेवून प्रमाणित प्रत जवळ बाळगावी. तिथे पोलीस ठाण्यात अशी प्रत विनामूल्य प्रमाणित करून मिळते.

शेवटी एक गोष्ट. मूल कोणत्या विषयासाठी जात आहे आणि परतल्यावर त्याचे काय करणार, हे त्याने स्वतःच्या हाताने एका कागदावर लिहून वडिलांना द्यावे. ते त्याला लिहिता येत नसेल, तर आणखी एक वर्ष थांबण्यात नुकसान नाही. आणि लिहिता आले, तर दुकानाचा एक हंगाम त्याच्या नावावर टाकायला हरकत नाही. इन्शाअल्लाह, तो पैसा वाया जाणार नाही.