हुकमाची पोच

कनेरगाव नाका,
श्रावण वद्य पंचमी

चि. बाळास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल दूरध्वनीवर मी रागावलो आणि तू फोन ठेवून दिलास; म्हणून हे पत्र तुझ्याच घराच्या ओसरीवर बसून लिहीत आहे. पत्र मध्येच तोडता येत नाही, एवढाच त्याचा फोनवर वरचष्मा.

परवा वाशीमच्या एस.टी. स्थानकावर तुमच्या गावच्या एका गृहस्थाने, मी काही विचारले नसताना, चार लोकांदेखत मला सांगितले की तुमच्या भगिनीला शेजारच्या पोरांनी भर पावसात गच्चीवरून धरून खाली आणले. आणि अशा वार्ता आणणाऱ्यांना पदरची पुस्ती जोडण्याची जी खोड असते तिला अनुसरून, मुलगा पुण्यात बसून घरातली बटणे दाबतो आणि म्हातारी इकडे अंधारात बसते, हेही ऐकवले. हातातली कामे टाकून मिळेल त्या गाडीने इकडे आलो. अंधाराची गोष्ट थाप निघाली. गच्चीची मात्र अक्षरशः खरी.

तुझ्या आईची जबानी अशी. त्या दिवशी पाच वाजता वीज गेली, तासाभराने आली. सात वाजता बातम्यांच्या वेळी, तू बांधून दिलेल्या नेमाप्रमाणे टीव्ही आपोआप लागायचा, तो लागला. पण पडद्यावर चित्र नाही, सिग्नल नसल्याची ती निळी पाटी. तू बसवून दिलेल्या, बोलून हुकूम घेणाऱ्या त्या डबीला तिने दोनदा विनवले, तेही हिंदीतून, कारण त्या बयेला मराठी समजत नाही. काही होईना. तेव्हा तिने पदर खोचला आणि ज्या लोखंडी शिडीची वरून तिसरी पायरी तुझ्या बाबांच्या हयातीपासून सैल आहे, त्या शिडीने ती वर गेली. मी विचारले, अगं, कशाला? तर म्हणते, "छत्री फिरली असल वाऱ्यानं, दुसरं काय! हे असते तर तेच गेले असते न वर."

आता खुलासा ऐक. फोनवर तू मला या विषयात अडाणी ठरवलेस, म्हणून काल सायंकाळी मी तपास केला आणि गल्लीतल्या डिशवाल्या पोरालाही बसवून घेतले. डिशची छत्री जागची तसूभर हललेली नव्हती. तिचे तोंड आग्नेयेला, जिथे 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर जीसॅट-15 हा उपग्रह आहे, बरोबर तिथेच आहे. तिच्यापुढचा एलएनबी ते तरंग पकडून खाली तारेत सोडतो आहे. फ्री डिशची ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली, आणि महिन्याचे भाडे नाही म्हणून तुझ्या बाबांनी हौसेने ती घरात आणली, हे तुला मी सांगायला नको. छत्तीस हजार किलोमीटरचा प्रवास त्या दिवशीही निर्वेध झाला. घोटाळा झाला तो शेवटच्या सहा फुटांत, कोनाड्यात ठेवलेली तुझी ती डबी आणि टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स यांच्या दरम्यान.

डबी बॉक्सला डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाने खूण करते. तो प्रकाश सेकंदाला सुमारे 38,000 वेळा उघडझाप करतो आणि त्या उघडझापीत हुकूम गुंफलेला असतो. इथपर्यंत ठीक. परंतु या स्वस्त बॉक्सांना 'चालू हो' आणि 'बंद हो' असे दोन निरनिराळे हुकूम नसतात. हुकूम एकच, आणि त्याचा अर्थ 'आहेस त्याच्या उलट हो'. वीज परत आली तेव्हा बॉक्स आपणहून जागा झाला होता. सातच्या ठोक्याला तुझ्या डबीने त्याला जागवण्याचा हुकूम सोडला, आणि त्या आज्ञाधारक प्राण्याने इमानेइतबारे डोळे मिटले. टीव्ही चालू, बॉक्स बंद. बॉक्स निजला तरी टीव्ही तीच निळी पाटी दाखवतो आणि छत्री फिरली तरी पडद्यावर सिग्नल नसल्याचीच तक्रार उमटते. या दोहोंत भेद कसा करावा हे त्या माउलीला कोणी सांगितले होते? आणि हा सारा वेळ तुझ्या फोनवर, तूच मला काल मोठ्या दिमाखाने वाचून दाखवलेस त्याप्रमाणे, 'चालू' अशीच नोंद होती. म्हणजे आई ओल्या शिडीवर उभी असताना तुझ्या दप्तरी ती सुखाने बातम्या पाहत होती!

तार खात्यात माझी सारी नोकरी गेली. तारसेवा 2013 च्या जुलैत कायमची बंद झाली, परंतु त्या खात्यातला एक दंडक मी विसरलो नाही. पलीकडच्या माणसाने मजकूर घेतल्याची खूण परत दिली नाही, तोवर तार गेली असे आम्ही कधी नोंदवीत नसू. तुझ्या या यंत्रणेत हुकूम सुटतो, पोच येत नाही. आणि पोच आलेली नसताना हुकमाची बजावणी झाली असे लिहून ठेवण्याचा कारभार आमच्या खात्यात कोणी केला असता तर त्याची वेतनवाढ रोखली गेली असती.

उपाय तुला माझ्याहून अधिक ठाऊक असतील. विजेचा खप मोजणारा प्लग बॉक्सला लावलास तर जागा असताना तो अधिक वीज ओढतो, निजल्यावर कमी, यावरून त्याची खरी स्थिती आधी कळेल आणि मग हुकूम सोडता येईल. एचडीएमआयच्या तारेतून टीव्ही आणि बॉक्स यांनी परस्परांशी बोलावे अशी सीईसी नावाची सोय असते, पण ती दोघांनाही असावी लागते आणि आपला बॉक्स त्या बाबतीत मुका आहे. याहून सोपे म्हणजे बॉक्स कायम चालूच ठेवावा आणि त्याला फक्त वाहिनीचा आकडा पाठवावा. आकड्याचा अर्थ कधी उलटा होत नाही. परंतु या सगळ्याच्या आधीचा उपाय मी आजच केला आहे. जो रिमोट आई भलतीच बटणे दाबते म्हणून तू कपाटात कुलपाआड ठेवून गेला होतास, तो मी बाहेर काढला, त्यात नवे सेल घातले आणि तिच्या हाती दिला. तिच्या घरातले यंत्र तिच्या हाताने लावण्याची मुभा काढून घेण्याचा अधिकार तुला कोणी दिला? एके काळी या गावाच्या शिवेला निजामाचे संस्थान संपून वऱ्हाड लागत असे, आणि इकडचा माल तिकडे नेताना आपल्या वाडवडिलांना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, कारकुनापुढे पोत्यापोत्याची कैफियत द्यावी लागे. पण त्या कारकुनानेही कोणाची बायको रात्री किती वाजेपर्यंत जागी असते याचा दाखला कधी मागितला नव्हता. तुझा फोन आईचा तसा दाखला रोज मागतो.

ती शिडी डोळ्यांसमोरून जात नाही रे. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे धरलेले, पाऊस, आणि ती तिसरी पायरी. काल रात्री दोनदा उठून ती निजली आहे की नाही ते पाहून आलो.

हे सर्व लिहिताना मला माझी नागपूरची वर्षे आठवतात. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी तुझ्या आजोबांना वाशीमला मनीऑर्डर करीत असे, आणि त्यांच्या अंगठ्याची पोच परत आली की वडील खुशाल आहेत असे मनाशी ठरवून पुढचा महिना निर्धास्त काढीत असे. कुपनावर मजकुरासाठी जागा असायची. तीत मी 'पैसे पाठवले, मिळाल्याचे कळवावे' याहून अधिक क्वचितच लिहिले. ते गेल्यानंतर तिथल्या पोस्टमनने मला सांगितले की पैसे मोजून घेतल्यावर म्हातारबा ते कुपन पुन्हा त्याच्या हाती देत आणि म्हणत, जरा उलटून पाहा बरं, मागच्या अंगाला काही लिहिलंय का. पोच मला वेळेवर मिळत होती. मी मात्र तिचा अर्थ फार तोकडा लावला, आणि तो पुरता कळला तेव्हा मनीऑर्डर पाठवायला कोणी उरले नव्हते.

तेव्हा तुझ्यावर मी एवढा का ओरडलो ते तू समजून घे. तुझा हेतू शुद्ध आहे याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. पदरचा पगार खर्चून, दोन दिवसांच्या रजेत, उपाशीतापाशी तारा ओढून तू हे सारे आईसाठी केलेस. आणि खरे सांगायचे तर त्यातला ओसरीचा दिवा, जो दिवस मावळला की आपोआप लागतो, तो मला अतिशय आवडला. तो लागताच तुझी आई असेल तिथे थांबते, हात जोडते आणि मग शेजारणीला हाक मारून सांगते की लेकाने पुण्याहून दिवा लावला. तो दिवा तू असू दे. त्याला हात लावलास तर ती मला आणि तुला, दोघांनाही घरात घेणार नाही.

तिला ताप वगैरे काही नाही. गुडघा किंचित सुजला आहे, रात्री तेल लावून शेकते. शिडीची पायरी आज सकाळी लोहाराकडून जोडून घेतली, आणि तरीही शिडी उचलून मागच्या खोलीत टाकली आहे. तू संध्याकाळी फोन करशील तेव्हा टीव्हीचे काय झाले हे विचारू नकोस. हळद कशी आहे, सोयाबीनला फुलोरा आला का, मामा किती खातो, असले काहीही विचार. बोलताना ती थांबली तर लगेच ठेवू नकोस, ती पुढचे आठवत असते.

पोळा जवळ आला आहे. बैल आता घरी नसले तरी ती मातीच्या जोडीला पुरणाचा नैवेद्य दाखवतेच, आणि दर वर्षी तुझ्या वाटणीची पोळी झाकून ठेवते. जमेल तशी रजा काढ आणि ये. येण्याचा दिवस मात्र मला कळवू नकोस, तिला कळव.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
मामा