एक्सेलची शीट आणि दुकानाची खतावणी

जळगावच्या दाणा बाजारात काय किंवा धुळ्याच्या यंत्रमागधारकांकडे काय, हिशोबाची चौकशी केली की "सगळे कॉम्प्युटरवर आहे" असे उत्तर मिळते. कॉम्प्युटर उघडावा तर आत पुष्कळदा एक्सेलची शीट असते. शीट आणि खतावणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावे.

शीट वाईट नव्हे. आठ-दहा मागांच्या कारखान्यात कारागिरांची मजुरी मीटरवर काढायची तर तिच्याइतके सोयीचे काही नाही. पण उधारी व माल तिच्यावर सोपविला की अडचण होते. आमच्या परिचयातील एका डाळ व्यापाऱ्याने नवीन गिऱ्हाइकांची नावे बेरजेच्या ओळीखाली लिहिली. बेरीज जुन्याच नावांची होत राहिली. येणे कमी दिसले आणि त्यावरून काढलेली जकातही कमी निघाली. चूक कळली ती पुढच्या रमजानमध्ये!

शीट आगाऊपणाही करते. डाळीचा एचएसएन कोड ०७१३, केळीचा ०८०३. शीट पुढचे शून्य गाळून ७१३ आणि ८०३ करते. लॉट नंबर ३-५ लिहावा तर त्याची ३ मे होते. असे रकाने आधीच 'टेक्स्ट' करून घ्यावेत. मोठ्यांनाही हा फटका बसला आहे. २०२० साली इंग्लंडमध्ये जुन्या एक्सेल फाईलच्या ओळी संपल्या आणि कोरोनाचे १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजणीत आलेच नाहीत.

टॅलीचा जन्मच व्यापाऱ्याच्या गरजेतून झाला. कापड गिरण्यांना सामान पुरविणाऱ्या श्यामसुंदर गोएंका यांना मनाजोगा प्रोग्रॅम मिळेना, म्हणून मुलगा भरत याने तो तयार केला. कंपनी १९८६ची, बंगलोरची. अशा प्रोग्रॅममध्ये बिल एकदा टाकले की उधारी, माल आणि कर तिन्हीकडे नोंद बसते. शीटमध्ये हेच तीनदा लिहावे लागते, आणि मुनीम एखादे विसरतो. नोंद केव्हा, कोणी बदलली याची खूण ठेवणारा प्रोग्रॅम कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला ती सक्ती नाही. पण जीएसटीची दप्तरे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावीच लागतात, आणि तोवर शीट किती हातांखालून जाईल कोण जाणे.

जकातीपुरते आणखी एक. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे जकातीची तारीख ३१ मार्चला धरून राहत नाही. नोंदी रोजच्या रोज असतील तर प्रोग्रॅम त्या दिवसाचा माल आणि येणे दाखवितो. शीटमध्ये फक्त आजचा आकडा उरतो. मात्र प्रोग्रॅम मालाची किंमत बहुधा खरेदीच्या भावाने धरतो. त्या दिवसाचा बाजारभाव घेऊन गुणाकार आपणच करायचा, आणि तो खुशाल शीटवर करावा.