‘प्रत’ आणि पिरानेसीचे रोम

‘प्रत’ म्हणजे नक्कल, असे आपण सहज म्हणतो. परंतु ‘उत्तम प्रतीचा तांदूळ’ म्हणताना तोच शब्द दर्जा सांगतो. हे दोन्ही अर्थ एकत्र पाहावयाचे असतील, तर जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८) याची रोममधील वास्तूंची १३५ मुद्राचित्रे पाहावीत. मेणाचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर तो सुईने रेषा ओढी. आम्लाने त्या खोल होत. मग त्यांत शाई भरून ओलसर कागदावर ठसा घेतला जाई. येथे पत्रा हे केवळ साधन. कलाकृती म्हणजे ठसाच. मात्र दाबाने पत्रा झिजतो, आणि कलोसियमच्या कमानींतील गडद सावल्या उत्तरकालीन ठशांत फिकटतात. म्हणजे प्रतीनुसार प्रत बदलते! पिरानेसीच्या मृत्यूनंतरही त्याच्या पत्र्यांवरून ठसे निघत राहिले. आजचे कलावंत संख्या आधीच ठरवतात आणि ठशाखाली पेन्सिलीने ‘७/५०’ असे लिहितात, म्हणजे पन्नासांपैकी सातवी प्रत. अशा ठशापुढे संग्रहाच्या यादीत ‘नक्कल’ असे लिहिले, तर अस्सल कलाकृती झेरॉक्सच्या पंक्तीला जाऊन बसते.

सरावासाठी : ‘हस्तलिखिताची प्रत’ आणि ‘मुद्राचित्राची प्रत’ यांतील अर्थभेद चार वाक्यांत स्पष्ट करा.